सोंग, ढोंग आणि दिशाभूल : मिथ्याप्रतीतिवाचक मराठी शब्दांचा विचार

१

जे नाही ते आहे असे, किंवा जे आहे ते नाही असे दुसऱ्याच्या मनावर ठसविणे, या क्रियेसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. सोंग, ढोंग, आव, बतावणी, बहाणा, मिष, सबब, देखावा, थाप, हूल, चकवा, कावा, कांगावा, धूळफेक, दिशाभूल, फसगत, फसवणूक, ठकवणूक, तोतयेगिरी, दंभ, पाखंड ही यादी सहज वाढविता येईल. शब्दकोश उघडून पाहिला म्हणजे यांतील बहुतेक शब्द एकमेकांच्या साहाय्याने उलगडलेले आढळतात. ढोंगाचा अर्थ सोंग, सोंगाचा अर्थ बतावणी, बतावणीचा अर्थ ढोंग, असे हे वर्तुळ फिरत राहते. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती काय किंवा दाते-कर्वे यांचा १९३२ पासून प्रसिद्ध होऊ लागलेला 'महाराष्ट्र शब्दकोश' काय, पर्याय पुरविण्याचे आपले काम हे ग्रंथ चोख बजावतात. पर्यायांतील भेद दाखविणे हे मात्र निराळे काम आहे, आणि ते कोशकारांपेक्षा समीक्षकाकडे अधिक येते.

हे काम केवळ भाषाशास्त्रीय कुतूहलापोटी करावयाचे आहे असे नाही. एखाद्या कवितेला 'ढोंगी' म्हणणे आणि 'बेगडी' म्हणणे यांत दोन वेगळे आरोप आहेत, आणि त्यांना पुरावाही वेगवेगळा लागतो. एखाद्या इतिहासकाराने 'दिशाभूल केली' म्हणणे आणि त्याची 'दिशाभूल झाली' म्हणणे यांत तर एका माणसाच्या प्रामाणिकपणाचा निवाडा होऊन जातो. आपल्या समीक्षेत, वृत्तपत्रांत आणि सार्वजनिक वादांत हे शब्द हाताला येतील तसे वापरले जातात, आणि आरोप कोणता केला आहे हे बऱ्याच वेळा आरोप करणाऱ्यालाच ठाऊक नसते. प्रस्तुत लेखात या शब्दसमूहातील काही ठळक भेद दाखवून समीक्षेच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व काय, याचा विचार करावयाचा आहे.

२

नामांचे अर्थ एकमेकांत मिसळतात तेव्हा त्यांच्यासोबत येणारी क्रियापदे पाहावीत, ही कसोटी येथे फार उपयोगी पडते. सोंग 'घेतात', 'आणतात' किंवा 'काढतात', ढोंग 'करतात' किंवा 'माजवितात', आव 'आणतात', वेड 'पांघरतात', बुरखा 'ओढतात'. या साऱ्या क्रिया फसविणाऱ्याच्या स्वतःच्या अंगावर घडतात. त्याने स्वतःवर काहीतरी चढविले आहे, आणि पाहणारा त्याकडे पाहून फसणार आहे.

याच्या उलट दुसरा वर्ग आहे. टोपी 'घालतात', शेंडी 'लावतात', तोंडाला पाने 'पुसतात', डोळ्यांत धूळ 'फेकतात', हातावर तुरी 'देतात'. येथील डोके, शेंडी, तोंड, डोळे, हात हे सारे फसल्या गेलेल्या माणसाचे आहेत. फसवणुकीचे क्षेत्र फसविणाऱ्याच्या शरीरावरून उचलून फसलेल्याच्या शरीरावर नेले आहे. पहिल्या वर्गातील शब्द 'हा कसा दिसतो' हे सांगतात, दुसऱ्या वर्गातील 'त्याचे काय झाले' हे सांगतात. म्हणूनच पहिल्या वर्गातील क्रिया कोणीही न फसता पुरी होऊ शकते. 'त्याने आजारीपणाचे सोंग घेतले, पण कोणाचाच विश्वास बसला नाही' हे वाक्य निर्दोष आहे. 'त्याने मला टोपी घातली, पण मी फसलो नाही' हे वाक्य मात्र कानाला खटकते. टोपी घातली गेली याचाच अर्थ फसवणूक सिद्धीस गेली.

तिसरा वर्ग वाणीचा. थाप 'मारतात', बाता 'मारतात', सबब 'सांगतात'. चौथा वर्ग युद्ध, शिकार आणि वाटचाल यांतून आलेला. हूल 'देतात', हुलकावणी 'देतात', चकवा 'लागतो', डाव 'टाकतात'. 'कावा' या शब्दाचा संबंध घोडा रिंगणात फिरविण्याशी आहे. गनिमी काव्याने त्याला इतिहासात मानाची जागा मिळवून दिली. या चौथ्या वर्गात निंदेचा सूर मंद आहे, कारण शत्रूला हूल देणे हा दोष नसून कौशल्य होय. त्याच शब्दाने मित्राच्या वर्तनाचे वर्णन केले की मात्र तो शब्द एकदम काळवंडतो. तेव्हा शब्दातील निंदा ही शब्दात जेवढी असते तेवढीच ती दोन माणसांमधील नात्यात असते.

३

आता सोंग, ढोंग आणि आव या तीन शब्दांकडे वळू.

सोंग हे दृश्य असते. 'सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही' या म्हणीत हे मर्म आहे. वेष, चाल, आवाज, मुद्रा यांचे सोंग आणता येते. पैशाची गोष्ट वेगळी. देण्याची वेळ आली की तो असतो तरी किंवा नसतो तरी. 'झोपलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला नाही' या दुसऱ्या म्हणीतही सोंग आहे ते मिटलेल्या डोळ्यांचे आणि संथ श्वासाचे, म्हणजे शरीराचेच.

दुसरे असे की, सोंग या शब्दाला मराठीत एक प्रतिष्ठित घर आहे. एकनाथांनी जोशी, वासुदेव, गोंधळी, भुत्या यांच्या मुखातून भारुडे बोलविली. त्यांतील वेष घेऊन सादर होणाऱ्या प्रकाराला सोंगी भारूड असेच म्हणतात. लळितात सोंगे येतात. जव्हार-मोखाड्याकडील बोहाड्यात मुखवटे घालून सोंगे नाचवितात. दक्षिण कोकण आणि गोवे येथील दशावताराचाही येथे उल्लेख करावयास हवा. बहुरूपी आज पोलीस, उद्या साधू होऊन दारी येतो, आणि तो बहुरूपी आहे हे सर्वांना ठाऊक असते. या सर्व ठिकाणी सोंग हे पाहणाऱ्याच्या संमतीने घेतलेले आहे. 'सोंग छान वठले' ही स्तुती होते. 'ढोंग छान वठले' असे कोणी म्हटले तर ते उपरोधानेच.

ढोंगाला असे घर नाही. ढोंगाचा विषय दृश्य रूप नसून अंतरीचा गुण आहे. भक्ती, वैराग्य, देशप्रेम, सहानुभूती यांचे ढोंग होते. ज्या गोष्टीची खूण बाहेर दिसते पण जिचे अस्तित्व आत असावयास हवे, तिची खूण उभी करून अस्तित्व टाळणे म्हणजे ढोंग. भगवद्गीतेने तिसऱ्या अध्यायात कर्मेंद्रिये आवरून मनाने विषय चिंतणाऱ्याला 'मिथ्याचार' हा शब्द वापरला आहे, आणि सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीची गणना करताना दंभाला पहिले स्थान दिले आहे. मराठी संतांनी बुवाबाजीवर जे कोरडे ओढले ते याच अर्थी. त्यांचा रोष भगव्या वस्त्रावर नव्हता. वस्त्राने दिलेली हमी वर्तनाने न पाळणे, यावर तो होता. म्हणूनच संतपरंपरेत सोंगी भारूड आणि ढोंगी बुवाची निंदा ही दोन्ही एकत्र सुखाने नांदतात. त्यांत विसंगती नाही.

आव याहून सूक्ष्म आहे. आव आणावयाचा तो विद्वत्तेचा, शौर्याचा, साळसूदपणाचा, आणि तो एखाद्या प्रसंगापुरता. ढोंग हे आचरण होऊ शकते, आयुष्यभर चालू शकते. आव क्षणिक असतो आणि बहुधा उघडा पडण्याच्या बेतात असतो. आव आणणाऱ्याकडे तो गुण मुळीच नसतो असेही नाही. विद्वान माणूसही आपल्याजवळ आहे त्याहून अधिक विद्वत्तेचा आव आणू शकतो. तेव्हा आवात प्रमाणाचा प्रश्न आहे आणि ढोंगात अस्तित्वाचा. एखाद्या लेखकाच्या एका प्रकरणात व्युत्पन्नतेचा आव दिसला म्हणून त्या लेखकाला ढोंगी ठरविणे, ही समीक्षेतील एक नेहमीची चूक या भेदाकडे दुर्लक्ष केल्यामुळे होते.

याच वर्गात 'कांगावा' या शब्दाची स्वतंत्र नोंद करणे अवश्य आहे. अपराध करणाऱ्याने आपल्यावरच अन्याय झाल्याचा गवगवा करणे, असा नेमका अर्थ असलेला हा शब्द आहे. यात दोन खोट्या प्रतीती एकदम निर्माण होतात. एक स्वतःच्या निरपराधीपणाची, दुसरी समोरच्याच्या अपराधाची. 'चोराच्या उलट्या बोंबा' ही म्हण याच अनुभवाची आहे. परंतु हा शब्द जितका नेमका तितकाच धोक्याचा, कारण खऱ्या पीडिताचा आक्रोशही कांगावा म्हणून धुडकावता येतो. कांगावा हा निष्कर्षवाचक शब्द आहे. चौकशी संपल्यावर तो वापरणे योग्य. चौकशीआधी तो वापरला तर चौकशीची जागाच तो बळकावून बसतो.

४

कारणवाचक शब्दांची झालेली अवनती हा या शब्दसमूहातील एक उद्बोधक भाग आहे. 'सबब' हा अरबी शब्द. त्याचा अर्थ कारण. न्यायालयीन आणि कार्यालयीन मराठीत 'सबब, हा अर्ज फेटाळण्यात येत आहे' अशा वाक्यात तो अद्याप 'म्हणून' या स्वच्छ अर्थाने येतो. बोलण्यात मात्र सबब 'सांगणे' म्हणजे खोटे कारण पुढे करणे. संस्कृत 'निमित्त' शब्दाचीही हीच वाट झाली. 'सणाच्या निमित्ताने' येथे तो निर्मळ आहे, 'निमित्त काढून भांडणे' येथे तो मलिन आहे. 'कारण' या शब्दापर्यंतही हा संसर्ग पोहोचला आहे, आणि तो वचनभेदाने ओळखू येतो. 'कारण सांगा' ही पृच्छा आहे. 'कारणे सांगू नका' हा दटावणीचा सूर आहे. खरे कारण बहुधा एक असते, अनेक कारणे एकदम पुढे आली की ऐकणारा सावध होतो, हा लोकानुभव केवळ अनेकवचनाने व्यक्त झाला आहे.

बहाणा आणि मिष यांची गोष्ट निराळी. हे शब्द मराठीत आरंभापासूनच आडपडद्याचे आहेत. संस्कृत अलंकारशास्त्राने मिष आणि व्याज या कल्पनांचे सौंदर्य ओळखले होते. व्याजस्तुतीत निंदेच्या रूपाने स्तुती किंवा स्तुतीच्या रूपाने निंदा असते. व्याजोक्तीत उघड झालेली गोष्ट दुसरे कारण सांगून झाकली जाते. अपह्नुतीत प्रकृताचा निषेध करून अप्रकृत स्थापिले जाते, आणि भ्रांतिमानात एक वस्तू दुसरीच म्हणून जाणवते. या चौकडीत आलंकारिकांनी एक महत्त्वाचा विवेक केला आहे. भ्रांतिमानात भ्रम होणारा खरोखर भ्रमलेला असतो, अपह्नुतीत बोलणारा जाणूनबुजून नाकारीत असतो. प्रतीती दोन्हीकडे मिथ्याच. जाणीव मात्र एका ठिकाणी आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही. आधुनिक समीक्षेला हा विवेक आपल्या परंपरेतूनच उचलता येण्यासारखा आहे.

५

आतापर्यंत पाहिलेल्या शब्दांत काहीतरी खोटे घडत होते. वेष खोटा, भाव खोटा, कारण खोटे. परंतु खऱ्या शब्दांनीही खोटी प्रतीती देता येते, आणि या शब्दसमूहाची खरी परीक्षा तेथे आहे.

महाभारताच्या द्रोणपर्वातील प्रसंग सर्वश्रुत आहे. भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला. पुत्रवधाच्या वार्तेची शहानिशा करण्यासाठी द्रोणांनी युधिष्ठिरालाच विचारले, कारण तो असत्य बोलणार नाही अशी त्यांची खात्री होती. युधिष्ठिराने अश्वत्थामा मारला गेल्याचे सांगितले आणि हत्तीचा उल्लेख अस्पष्ट उच्चारला. प्रत्येक शब्द धरून पाहता त्याला खोटे ठरविणे अवघड. तरीही महाभारतकारांनी त्याला निर्दोष सोडलेले नाही. भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी भूमीला टेकला. शब्दांचा खरेपणा आणि प्रतीतीचा खोटेपणा यांतून निवड करावयाची झाली तेव्हा कवीने निवाडा प्रतीतीवरून केला.

या प्रसंगावरून आलेला 'नरो वा कुंजरो वा' हा वाक्प्रचार आजच्या मराठीत कोणत्या अर्थाने येतो ते पाहिले तर नवल वाटते. एखाद्या प्रश्नावर स्पष्ट भूमिका न घेणे, तळ्यात-मळ्यात करणे, एवढाच अर्थ आता त्याला उरला आहे. मूळ प्रसंगातील युधिष्ठिर तटस्थ नव्हता, त्याला द्रोणाने शस्त्र टाकावे असेच हवे होते. म्हणजे सत्याच्या आधाराने केलेल्या फसवणुकीचा सर्वांत तीक्ष्ण शब्दप्रयोग मराठीने संदिग्धतेच्या सौम्य अर्थावर खर्च करून टाकला, आणि मूळ अर्थाची जागा रिकामी राहिली. या रिकाम्या जागेत 'दिशाभूल' हा शब्द आता येऊन बसला आहे.

न्यायदर्शनातील 'छल' हा शब्द येथे उपयोगी पडेल असे वाटण्याचा संभव आहे. वाक्छल, सामान्यछल आणि उपचारछल असे त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. 'नवकंबल' म्हणजे नवी कांबळ पांघरलेला, असे वक्ता म्हणतो. प्रतिवादी 'नव' म्हणजे नऊ असा अर्थ घेऊन त्याच्यापाशी नऊ कांबळी कोठे आहेत, असे विचारतो. परंतु येथे लबाडी ऐकणाऱ्याची आहे, बोलणाऱ्याची नाही. दुसऱ्याच्या शब्दांना नको तो अर्थ चिकटविणे हा छल होय, आणि वाङ्मयीन वादांत तो नित्य आढळतो. मराठीत त्याच शब्दाचा 'छळ' झाला आणि त्याने फसवणुकीऐवजी त्रासाचा अर्थ घेतला. 'छळकपट' या जोडशब्दातच काय तो मूळ अर्थ टिकून आहे.

विधिशास्त्राने या प्रश्नाचा विचार अधिक बारकाईने केलेला दिसतो. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाने दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. जे खरे नाही असे स्वतःस वाटते ते खरे म्हणून सांगणे ही कपटाची एक रीत होय. खरे वाटत असलेली पण वस्तुतः खरी नसलेली गोष्ट आधाराविना ठामपणे सांगणे हा कपटाहून वेगळा आणि सौम्य दोष होय. केवळ मौन हे कपट नाही, परंतु बोलणे हे कर्तव्य असेल किंवा मौनच बोलण्यासारखे ठरत असेल तर ते कपट होते, असेही त्या अधिनियमाने सांगितले आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेने ठकवणुकीची व्याख्या करताना वस्तुस्थिती अप्रामाणिकपणे लपविणे हेही फसविणेच होय, असा खुलासा जोडला होता. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तो कायम आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडविणाऱ्या जाहिरातीचा समावेश केला आहे. म्हणजे काय बोलले गेले यावर न थांबता काय समजले जाणार होते आणि ते बोलणाऱ्याला ठाऊक होते की नाही, हे विधिशास्त्र विचारते. साहित्याच्या समीक्षकाने याहून कमी विचारण्याचे कारण नाही.

६

बोलणाऱ्याला ठाऊक होते की नाही, हा प्रश्न मराठी भाषा आपल्या व्याकरणातूनच विचारीत असते. फसणे आणि फसविणे, भुलणे आणि भुलविणे, चकणे आणि चकविणे, ठकणे आणि ठकविणे या प्रयोजक जोड्या पाहाव्यात. पहिल्या रूपात घटना आहे, दुसऱ्यात कर्ता आहे. नामांतही ही जोडी उतरली आहे. 'फसगत' होते, तिला कर्ता असेलच असे नाही. रात्रीच्या अंधारात दोरीला साप समजणाऱ्याची फसगत होते, फसवणूक होत नाही. 'फसवणूक' म्हटले की फसविणारा शोधावाच लागतो.

'गैरसमज' या शब्दाला जोडली जाणारी क्रियापदे या दृष्टीने फार बोलकी आहेत. गैरसमज 'होतो', म्हणजे दोष कोणाचाच नाही. गैरसमज 'करून घेतात', म्हणजे दोष ऐकणाऱ्याचा. गैरसमज 'करून देतात', म्हणजे दोष सांगणाऱ्याचा. गैरसमज 'पसरवितात', म्हणजे दोष तर आहेच, शिवाय हेतूही आहे. एकाच नामाभोवती जबाबदारीची ही चार घरे मांडलेली आहेत, आणि सार्वजनिक जीवनातील पुष्कळशी चतुराई या घरांतून त्या घरात सरकण्यात खर्च होते. 'माझ्या विधानाने कोणाचा गैरसमज झाला असल्यास मी दिलगीर आहे' या परिचित वाक्याचे पृथक्करण करून पाहावे. विधान वक्त्याचे आहे, दिलगिरीही त्याचीच आहे. परंतु गैरसमज मात्र आपोआप 'झाला' आहे, आणि तोही 'असल्यास' या अटीवर. वक्त्याने गैरसमज करून दिला होता, की ऐकणाऱ्यांना विधान अगदी बरोबर समजले होते आणि गैरसमज असा काही नव्हताच, या दोन्ही प्रश्नांना वाक्याने बाहेर ठेविले आहे. दिलगिरी व्यक्त करता करता नवी मिथ्याप्रतीती निर्माण करण्याचे सामर्थ्य एका सहायक क्रियापदात असते, याचा हा पुरावा होय.

दिशाभूल या शब्दाचा प्रवासही असाच पाहण्याजोगा आहे. भूल ही पडते किंवा लागते. रानात चकवा लागला की माणूस रात्रभर त्याच त्या वाटेने फिरतो, अशी खेड्यापाड्यांतील समजूत आहे. दिशाभूल 'होणे' हा याच अनुभवाचा शब्द. त्याला 'करणे' जोडले गेले आणि त्याचा आरोप झाला. परंतु आरोप झाल्यावरही त्याच्या अंगी जुनी सौम्यता राहिली आहे. 'त्यांनी फसविले' असे म्हणण्याचे धैर्य नसते किंवा पुरावा नसतो, तेथे 'त्यांनी दिशाभूल केली' असे म्हटले जाते. पुरावा अपुरा असेल तर ही सौम्यता न्याय्यच म्हटली पाहिजे. पुरावा भरपूर असताना मात्र ती भित्रेपणाची खूण ठरते.

७

मिथ्यात्वाचा आरोप करणारा शब्द स्वतःच मिथ्याप्रतीती देऊ शकतो, या गोष्टीकडे आता वळणे आवश्यक आहे. 'पाखंड' हे याचे ठळक उदाहरण. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात 'पाषंड' म्हणजे धर्मपंथ. सर्व पाषंडांचा आदर करावा असा तेथील उपदेश आहे. त्या शब्दात त्या काळी निंदेचा लेश नव्हता. पुढे प्रत्येक पंथ दुसऱ्याच्या पंथाला पाषंड म्हणू लागला, त्यातून वेदबाह्य असा अर्थ आला, आणि मराठीत 'पाखंडी' म्हणजे नास्तिक, आणि काही वेळा ढोंगी, येथपर्यंत तो घसरला. मतभेद असणारा माणूस अप्रामाणिकच असणार, हे गृहीत या अर्थपरिवर्तनात दडलेले आहे. जुन्या ग्रंथांत 'पाखंड' शब्द आढळला की तेथे ढोंगाचा आरोप आहे असे समजून पुढे जाणारा अभ्यासक एका पक्षाची भूमिका नकळत स्वीकारून बसतो.

दुसरे उदाहरण 'ध चा मा करणे' हे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 'धरावे' या शब्दाचे आनंदीबाईने 'मारावे' केले अशी कथा परंपरेने सांगितली जाते, आणि लेखातील फेरफाराला मराठीत हाच वाक्प्रचार रूढ झाला आहे. परंतु कथा वाक्प्रचार झाली म्हणून ती प्रमाण ठरत नाही. कागदावर ते अक्षर बदललेले दाखविता येत नाही. तरीसुद्धा प्रत्येक वेळी हा वाक्प्रचार उच्चारला जातो तेव्हा एका स्त्रीवरील आरोप जणू सिद्ध झाला आहे अशी समजूत दृढ होते. खोट्या लेखाचा निषेध करणारा शब्दप्रयोग स्वतः अप्रमाणित आरोपावर उभा असावा, ही गोष्ट या विषयाच्या अभ्यासकाने विसरू नये.

८

या सर्व विवेकाचा वाङ्मयसमीक्षेत उपयोग कोणता, हे दोन उदाहरणांनी स्पष्ट करतो.

पहिले उदाहरण आचार्य अत्रे यांच्या 'तो मी नव्हेच' या १९६२ मध्ये रंगभूमीवर आलेल्या नाटकाचे. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे वेगवेगळी नावे व वेष धारण करून स्त्रियांना व इतरांना फसवितो, आणि न्यायालयात उभा राहून ते सारे नाकारतो. या पात्राला 'तोतया' म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु तोतया हा शब्द काटेकोरपणे घेतला तर एखाद्या खऱ्या, माहीत असलेल्या व्यक्तीची जागा घेणारा तो तोतया होय. पानिपतावर १७६१ मध्ये पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव घेऊन जो उभा राहिला आणि ज्याचे बंड १७७६ मध्ये मोडले गेले, तो तोतया. त्याच्या नावामागे भाऊंची कीर्ती होती. लखोबा कोणा प्रसिद्ध पुरुषाची जागा घेत नाही. तो आपली माणसे स्वतः निर्माण करतो. तोतया दुसऱ्याचा विश्वास उसना घेतो, लखोबा प्रत्येक ठिकाणी नव्याने विश्वास संपादन करतो. म्हणून फसलेल्या माणसांची जखम येथे अधिक खोल आहे. ती कोणा नावाला भुललेली नाहीत, प्रत्यक्ष त्या माणसालाच भुललेली आहेत.

वेषांतर करताना लखोबा सोंग घेतो; न्यायालयात तो निरागसपणाचा आव आणतो; आणि सज्जन व्यापाऱ्याला विनाकारण गोवले जात आहे असे भासवितो तेव्हा तो कांगावा करतो. हे तीन शब्द वेगळे ठेविले म्हणजे नाटकाची बांधणी उलगडते. सोंगे बदलत जातात, आव एकच राहतो, आणि कांगाव्याने प्रेक्षकाच्या मनातील संताप व कौतुक यांची ओढाताण चालू राहते. प्रभाकर पणशीकरांनी ही भूमिका गाजविली. तेव्हा प्रेक्षकासमोर नटाने घेतलेले लखोबाचे सोंग आणि लखोबाने घेतलेली इतर सोंगे असे दुहेरी पदर होते. पहिल्या सोंगाला प्रेक्षकाची संमती आहे, दुसऱ्यांना त्यांच्या बळींची नाही. आनंद आणि चीड एकाच वेळी संभवतात त्या यामुळे.

नटाविषयीची ही प्रतीती खोटी म्हणावी काय? शंकुकाने चित्रतुरगन्यायाने याचे उत्तर दिले आहे. भिंतीवरील चित्रातील घोड्याला आपण घोडा म्हणतो तेव्हा ते ज्ञान सम्यक् नाही, मिथ्या नाही, संशय नाही आणि सादृश्यही नाही. ते या चारींहून वेगळे आहे. अभिनवगुप्ताने शंकुकाच्या रसविषयक मताचे खंडन केले ही गोष्ट खरी. तथापि कलेतील प्रतीतीला खऱ्या-खोट्याच्या कसोटीपासून बाजूला काढण्याचे त्याचे कार्य मोलाचे आहे. नाटकाला, कवितेला किंवा कादंबरीला 'आभास निर्माण करते' म्हणून हिणविणाऱ्या समीक्षकाला सोंग आणि ढोंग यांतील भेद उमगलेला नाही असेच म्हणावे लागते.

दुसरे उदाहरण टोपणनावाचे. 'विभावरी शिरूरकर' या नावाने १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला आणि लेखिका कोण याविषयी मोठे वादळ उठले. मालतीबाई बेडेकर या त्या लेखिका होत. हे नाव घेणे ही वाचकांची दिशाभूल होती काय? नावाविषयी वाचकांना खरे कळले नाही एवढे मान्य केले पाहिजे. परंतु टोपणनाव हे वाङ्मयात मान्यता पावलेले सोंग आहे. गडकरी कवितेत 'गोविंदाग्रज' आणि विनोदात 'बाळकराम' होते, त्यांना कोणी तोतया म्हटले नाही. त्या नावाच्या आडून कथांतील अनुभव खोटा सांगितला गेला असता तर प्रश्न वेगळा झाला असता. येथे उलट घडले. नाव झाकल्यामुळे अनुभव उघड सांगता आला. झाकणे नेहमी फसविण्यासाठीच असते हे गृहीत अशा ठिकाणी कोसळते.

यावरून समीक्षेला एक साधा नियम सांगता येईल. बेगडी, मुलाम्याचे, कृत्रिम, हिणकस हे शब्द वस्तूविषयी आहेत. ते सोनाराच्या आणि कारागिराच्या दुकानातून आलेले आहेत, आणि कलाकृती हाती घेऊन त्यांचा खरेखोटेपणा पडताळता येतो. ढोंगी, दांभिक, भोंदू हे शब्द माणसाविषयी आहेत, आणि त्यांना कृतीबाहेरचा पुरावा लागतो. कवितेतील दुःख उसने वाटले तर कविता बेगडी म्हणावी, आणि ते कोणत्या ओळींत, कोणत्या प्रतिमांत उसने वाटते हे दाखवून द्यावे. कवीला ढोंगी म्हणावयाचे असेल तर त्याच्या अंतःकरणाचा दाखला समीक्षकाने आणून दाखवावा. तो बहुधा आणता येत नाही. पुष्कळदा प्रामाणिक दुःखातूनही बेगडी कविता निपजते, आणि अट्टल ढोंग्याच्या लेखणीतूनही एखादे अस्सल कडवे उतरून जाते.

९

मराठीने मिथ्याप्रतीतीसाठी जी शब्दसंपत्ती जमविली आहे तीत रंगभूमी, सराफकट्टा, रणांगण, कचेरी, मठ आणि रानवाट अशा अनेक क्षेत्रांचा अनुभव साठलेला आहे. प्रत्येक शब्द आपल्याबरोबर एक प्रश्न घेऊन येतो. सोंग पाहणाऱ्याची संमती होती काय, असे विचारते. ढोंग आत काही आहे काय, असे विचारते. आव किती, हे विचारतो. फसगत आणि फसवणूक यांची जोडी कर्ता कोण ते विचारते, आणि गैरसमजाची क्रियापदे दोष कोणाच्या घरी ठेवावयाचा ते ठरवितात. हे प्रश्न न विचारता शब्द वापरला तर दुसऱ्याच्या खोटेपणाचे वर्णन करता करता वर्णन करणाराच खोटी प्रतीती देऊ लागतो, आणि पाखंड किंवा 'ध चा मा' यांच्या इतिहासात हेच घडलेले आहे. कोशात पर्याय म्हणून शेजारी बसलेले हे शब्द समीक्षेत तरी एकमेकांच्या जागी बसू नयेत, एवढी दक्षता घेतली तरी आपल्या वाङ्मयीन आणि सार्वजनिक वादांतील निष्कारण अन्याय पुष्कळ अंशी टळेल.